झोपेची उंची : केदारतालच्या वाटेवरचं एक प्रकरण

केदारताल म्हणजे गंगोत्रीच्या वरचं हिमालयातलं एक तळं. तिथला ट्रेक आम्ही किलोमीटरमध्ये आखला होता. गंगोत्री ते भोजखरक ८ किलोमीटर, तिथून केदारखरक ४, तिथून ताल ५. एकूण १७. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढून त्याच दिवशी पाचनईला उतरणारी माणसं आम्ही. चार दिवसांत जाऊन-येऊन ३४ किलोमीटर म्हणजे वेळापत्रक सैलच वाटलं. कागदावर तारीख होती, मुक्काम होता, अंतर होतं, जेवणाची सोय होती. झोपायच्या जागेची उंची लिहिलेला रकाना मात्र नव्हता. तो असता, आणि मी एकदा बोट ठेवून वरून खाली वाचला असता, तर पुढचं बरंचसं टळलं असतं असं मला आज वाटतं.

गोष्ट सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली. आम्ही सहा जण. मी गटाची म्होरकी, बारा वर्षं सह्याद्रीत आणि चार वेळा हिमालयात फिरलेली. दोन सख्खे भाऊ, त्यांना इथे थोरला आणि धाकटा म्हणते; नावं नकोत असं दोघांनीही सांगितलं, पण लिही मात्र नक्की, असंही सांगितलं. थोरला ३३ वर्षांचा, धाकटा २७ चा. ५८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या काकू, आणि त्यांची मैत्रीण. सहावा आमचा फोटोवाला मित्र. बरोबर उत्तरकाशीचा गाइड, ज्याला सगळे भैजी म्हणायचे, त्याचा एक मदतनीस, स्वयंपाकी आणि चार पोर्टर.

धाकटा आमच्यातला सर्वांत दमदार. रोज पहाटे दहा किलोमीटर पळणारा. सरावाच्या ट्रेकना स्वतःची सॅक घेऊन वर पोचायचा आणि परत खाली येऊन दमलेल्याची सॅक उचलायचा. कोण मागे पडेल याची चर्चा निघाली की सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळायच्या. माझीसुद्धा.

वाट कशी आहे

गंगोत्रीचं मंदिर साधारण ३,१०० मीटरवर. भागीरथी ओलांडली की केदारगंगेच्या काठाकाठानं वाट जी चढायला लागते ती थांबत नाही. खाली देवदार आणि कैल, वर गेलं की भोजपत्राची झाडं, त्यांच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले. मध्ये स्पायडर वॉल नावाचा कातळाचा आडवा टप्पा आहे. पाऊल मावेल एवढीच जागा आणि खाली खोल केदारगंगा. भोजखरक ३,७८० मीटर. तिथून केदारखरकपर्यंत दरडीखालची वाट, वरून सुटे दगड घरंगळतात. केदारखरक ४,२७० मीटर, मोकळं कुरण, भरल या रानमेंढ्यांचे कळप चरताना दिसतात. आणि ताल सुमारे ४,७५० मीटरवर, समोर ६,९०४ मीटरचं थलय सागर. हलाहल प्यायल्यावर शंकरानं याच तळ्याच्या पाण्यानं घसा शांत केला, अशी तिथली श्रद्धा आहे.

आता हेच आकडे झोपेच्या हिशोबानं मांडून बघा. गंगोत्री ३,१००, भोजखरक ३,७८०, केदारखरक ४,२७०. पहिल्या उडीत ६८० मीटर, दुसरीत ४९०. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावी, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस उंची न वाढवता काढावा. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब रात्रीच्या मुक्कामाचा. केदारतालची वाट हा नियम पहिल्याच दिवशी मोडते, कारण गंगोत्री आणि भोजखरक यांच्यामध्ये इतका उभा चढ आहे की तंबूंसाठी धड सपाट जागाच नाही. म्हणजे सगळी भिस्त गंगोत्रीत काढलेल्या दिवसांवर.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे हवेच्या दाबातली घट शरीराला जाणवत नाही. त्यामुळे आपल्याकडे पाय आणि दम यांच्यावरच ट्रेकरची पारख होते, आणि सह्याद्रीपुरती ती बरोबरही आहे. केदारखरकला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो. हवेत प्राणवायू तितकाच, २१ टक्के, पण प्रत्येक श्वासात मिळणारा ऐवज घटतो. याला शरीर सरावतं, नाही असं नाही. मात्र त्याला रात्री द्याव्या लागतात, आणि रोज पळणाऱ्याचं शरीर त्या रात्रींमध्ये सूट देत नाही. उलट ज्याचे पाय भक्कम तो स्वतःला लवकर वर नेऊ शकतो, म्हणून त्याला धोका अधिक.

हरवलेला दिवस

मूळ आखणीत गंगोत्रीत दोन रात्री होत्या. उत्तरकाशीत वनखात्याचे परवाने घेऊन आम्ही वेळेवर निघालो, पण भटवाडीच्या पुढे दरड कोसळली. रस्ता मोकळा व्हायला दुसरा दिवस उजाडला. ती रात्र भटवाडीत, म्हणजे बरीच खाली, गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गंगोत्रीत पोचलो तेव्हा माझ्यासमोर दोनच पर्याय होते : गंगोत्रीची दुसरी रात्र तशीच ठेवून ट्रेक एक दिवस उशिरा सुरू करायचा, किंवा ती रात्र गाळायची. परतीची रेल्वे तिकिटं काढलेली होती. मंदिराच्या घाटावर चहा पीत आम्ही पाच मिनिटांत ठरवलं की सगळे ठणठणीत आहेत, उद्या निघू.

भैजीनं विचारलं होतं, "दीदी, एक दिन और रुक जाते तो?" मी तिकिटांचं सांगितलं. तो पुढे काही बोलला नाही. ज्याला पैसे देऊन बरोबर नेलं आहे त्याला दुसऱ्यांदा अडवणं जड जातं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आता मी गाइडला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगते की त्यानं थांबा म्हटलं तर आम्ही थांबणार, कारण विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या वेळी माहीत नव्हती. धाकट्याला निघायच्या चार दिवस आधीपासून पडसं होतं. गाडीत तो शिंकत होता, आम्ही धुळीला दोष दिला. श्वसनमार्गाला संसर्ग झालेला असताना उंचीवर गेलं की फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो. त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं तर नेणार नाहीत अशी त्याला भीती होती. भीती खरी होती. मी नेलं नसतं.

भोजखरकची संध्याकाळ

धाकटा सर्वांत आधी पोचला, नेहमीप्रमाणे. तंबू लावायला मदत केली. संध्याकाळी मात्र त्यानं अर्धीच पोळी खाल्ली. डोकं जड आहे म्हणाला. मी विचारलं, "किती दुखतंय?" "थोडंसं गं ताई, ऊन लागलं असेल." आणि जेवल्याबरोबर झोपायला गेला. एरवी पत्त्यांच्या डावातून शेवटी उठणारा तो.

विरळ हवेचा त्रास, ट्रेकर ज्याला एएमएस म्हणतात, तो मोजण्याची एक साधी पद्धत आहे. कॅनडातल्या लेक लुईज या तळ्याकाठी भरलेल्या परिषदेत ती ठरली म्हणून तिला त्या तळ्याचं नाव आहे, आणि २०१८ मध्ये ती सुधारली गेली. चार प्रश्न : डोकेदुखी, पोटाची तक्रार किंवा अन्नावरची वासना जाणं, थकवा, चक्कर. प्रत्येकाला ० ते ३ गुण. डोकेदुखी असेल आणि बेरीज ३ किंवा जास्त असेल तर एएमएस धरायचा. धाकट्याची डोकेदुखी १, अन्न नको १, थकवा १. बेरीज ३. हे गणित मी घरी परतल्यावर मांडलं. मांडायला अर्धं मिनिट लागलं.

त्या संध्याकाळी मी त्याला पॅरासिटामोल दिली. सकाळी डोकं उतरलं होतं. गोळीनं दुखणं गेलं, की शरीर सरावल्यामुळे गेलं, हे ओळखायचं तर गोळीचा असर संपेपर्यंत तिथेच थांबायला हवं होतं. एएमएसची लक्षणं असताना वर चढायचं नाही, हा तर सगळ्या नियमांचा बाप. आम्ही नाश्ता करून निघालो.

या प्रकरणात चुकलेली जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगते. केदारखरकची रात्र सगळ्यांना भीतीदायक वाटते, ती ऐकताना लोक श्वास रोखतात. पण त्या रात्री आम्ही जे केलं ते बहुतेक बरोबर होतं. चूक भोजखरकच्या प्रसन्न, निरभ्र सकाळी झाली, जेव्हा कुणालाच काही झालेलं दिसत नव्हतं.

केदारखरक

केदारखरकच्या वाटेवर धाकटा शेवटून दुसरा होता. मी ते पाहिलं आणि थोरल्याची सोबत करतोय असं मनात समजून घेतलं. प्रत्यक्षात थोरलाच त्याच्यासाठी थांबत होता. नेहमी पुढे असणारा माणूस मागे पडणं हे फुप्फुसाच्या त्रासाचं अगदी पहिलं लक्षण असतं, खोकल्याच्याही आधीचं. गटात प्रत्येकाची चाल ठरलेली असते. ती बदलली की विचारायचं, हे एवढंच. शिवाय तळावर पोचल्यावर भरल दिसले म्हणून तो फोटोवाल्याबरोबर उतारावर आणखी शंभरेक मीटर चढला. दमणूक आणि थंडी, दोन्ही फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढवतात.

साडेनऊला त्याचा खोकला ऐकू यायला लागला. कोरडा, तुटक. शेजारच्या तंबूतून काकू म्हणाल्या, "गरम पाणी घे रे बाळा." त्याच्या उत्तराचे शब्द मला कळले नाहीत, मध्येच श्वास घ्यायला तो थांबला एवढं कळलं.

११ वाजून ४० मिनिटांनी थोरल्यानं तंबूची चेन उघडली. "ताई, ऊठ जरा. ह्याच्या छातीत आवाज येतोय."

धाकटा सॅकला टेकून बसला होता. आडवं झालं की घुसमटतंय म्हणाला. मी हेडटॉर्च बाजूला वळवून माझं नख त्याच्या नखाशेजारी धरलं. माझं फिकट गुलाबी, त्याचं राखाडी निळं. पाठीला कान लावला. उजवीकडे खाली, प्रत्येक श्वासाच्या शेवटी, केस बोटांत चोळल्यासारखी बारीक करकर. मिनिटाला ३४ श्वास, तेही काहीही न करता बसलेला असताना. बोट गार होतं म्हणून हात आधी माझ्या जॅकेटमध्ये धरून ऊब दिली, मग ऑक्सिमीटर लावला. प्राणवायूची पातळी ६१, नाडी १२४.

एकट्या माणसाचा आकडा त्या उंचीवर फसवतो. म्हणून थोरल्याचा घेतला, ८३. माझा ८५. काकूंचा ८६. त्या उंचीला ऐंशीच्या घरातले आकडे नेहमीचे, ६१ नाही. त्याला तंबूबाहेर उभं करून टाचेला पंजा लावत सरळ रेषेत पाच पावलं चालायला लावलं. चालला, तोल गेला नाही, तारीख विचारली ती बरोबर सांगितली. म्हणजे मेंदूला सूज, ट्रेकरच्या भाषेत हेस, अजून नव्हती. फुप्फुसात पाणी, म्हणजे हेप, मात्र होतं.

पाणी कुठून येतं

या दुखण्याबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगते. फुप्फुसाची एक चांगली खोड आहे. त्याच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोचतो तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त दुसरीकडे वळवतात. शेताला पाणी देताना एका वाफ्याचं दारं बंद करून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतात, तसं. सपाटीवर ही युक्ती उपयोगी पडते. उंचीवर मात्र सगळ्याच भागांत प्राणवायू कमी, त्यामुळे सगळीकडची दारं एकदम बंद व्हायला लागतात, आणि तीही सारखी नाहीत. जिथली उघडी राहतात तिथे पाटाचा सगळा जोर जातो. नाजूक भिंती झिरपायला लागतात. पाणी हवेच्या जागेत उतरतं. बहुतेकांना हे उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं. आमची ३,००० मीटरच्या वरची ती तिसरी रात्र होती.

म्हणजे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. आमच्या फोटोवाल्यानं त्या रात्री विचारलं की लघवी होण्याची गोळी द्यायची का, कुठेतरी वाचलं होतं त्यानं. एकेकाळी ती दिली जायची, आता देत नाहीत; आधीच शुष्क झालेल्या माणसाचा रक्तदाब तिनं ढासळू शकतो. न्यूमोनिया समजून प्रतिजैविकं देत वर थांबवून ठेवलेले रुग्णही पूर्वी दगावले. या आजाराची नीट ओळख पटवण्यात आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सखल भागातले जवान थेट उंचीवर नेले गेले, आणि तरणेताठे, कवायतीत घडलेले जवान आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या नोंदींवरून लिहिलेला निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तंदुरुस्ती उंचीपासून वाचवत नाही, हे आपल्याच देशातल्या माणसांनी इतक्या आधी लिहून ठेवलं आहे, आणि आम्ही अजून पळण्याच्या वेळेवरून ट्रेकर निवडतो.

उतरायचं की उजाडायची वाट बघायची

आमच्याजवळ प्राणवायूचा एक खरा सिलिंडर होता, मिनिटाला २ लिटर सोडला तर साधारण चार तास पुरणारा. दुकानात मिळणारे फवाऱ्याचे हलके डबे नव्हेत. ते काही मिनिटांत संपतात आणि अशा वेळी काहीच कामाचे नसतात. औषधांच्या पेटीत डायमॉक्स होती, मेंदूच्या सुजेवरची डेक्सामेथासोन होती. फुप्फुसातला दाब उतरवणारी निफेडिपिन नव्हती. डायमॉक्स विरळ हवेला सरावायला मदत करते, पण साठलेलं पाणी काढत नाही.

मास्क लावल्यावर वीस मिनिटांत पातळी ७८ झाली. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला आणि थोरला म्हणाला, "बघ, सुधारतोय. पहाटेपर्यंत थांबू या का?" प्रश्न अगदी रास्त होता. बाहेर गोठवणारी थंडी, खाली दरडीची वाट. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातल्या ९ ट्रेकर्सचा जीव गेला होता. उघड्यावर अडकणं काय असतं हे आम्हा सगळ्यांच्या मनात ताजं होतं.

पण सिलिंडर चार तासांचा होता आणि उजाडायला पाच तासांहून जास्त अवकाश होता. बसून वापरला असता तर पहाटे सिलिंडर रिकामा आणि माणूस अजून ४,२७० मीटरवरच, असं झालं असतं. प्राणवायू हा उतरण्यासाठी मिळालेला वेळ असतो. तो उतरण्यातच खर्च करायचा.

भैजीनं दरडीबद्दल सांगितलं ते मला आजही तसंच आठवतं. "दीदी, पत्थर दिन में चलता है। रात को बरफ़ पकड़ के रखती है।" उन्हं पडली की गोठलेली माती सुटते आणि दगड निघतात, मध्यरात्री ती वाट दुपारपेक्षा शांत असते. आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता. आणि खाली स्पायडर वॉलपर्यंत जायची गरजही नव्हती. भोजखरक गाठलं तरी ४९० मीटर उतरत होतो. या आजारात ३०० मीटर उतरल्यावरही फरक पडायला लागतो.

चालवायचं नाही, हे मात्र नक्की होतं. उतारावर चाललं तरी दम लागतोच. यमुनोत्री, केदारनाथच्या यात्रेत पोर्टर वृद्ध माणसांना पाठीवरच्या कंडीत बसवून नेतात. आमच्याकडे कंडी नव्हती. भैजीनं एक मोठी सॅक रिकामी केली, तिच्या तळाला दोन्ही बाजूंनी पाय बाहेर येतील अशी भोकं पाडली, दोराचे दोन वेढे खालून घेतले आणि धाकट्याला स्लीपिंग बॅगमध्ये कमरेपर्यंत गुंडाळून त्यात बसवलं. एका पोर्टरनं पाठीवर घेतलं, दुसरा पुढे टॉर्च घेऊन, तिसरा मागून दोर धरून. दर दहा मिनिटांनी खांदा बदलायचा. मी सिलिंडर आणि नळी सांभाळत बाजूनं. थोरला मागे, भावाच्या पाठीवर एक हात ठेवून. काकू, त्यांची मैत्रीण आणि फोटोवाला मदतनीसाबरोबर वरच थांबले.

१ वाजून २० मिनिटांनी निघालो. दरडीच्या टप्प्यात कुणी बोललं नाही, भैजीनं तसं सांगितलं होतं, दगडाचा आवाज ऐकू यावा म्हणून. मला आठवतो तो मास्कमधला श्वास आणि पोर्टरांच्या बुटांखाली मोडणाऱ्या बर्फाच्या पातळ कागदासारख्या थराचा आवाज. दोन वेळा थांबून आकडा घेतला. ७६. मग ८०.

५ वाजून १० मिनिटांनी भोजखरक. सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. नळी काढून अर्धा तास थांबलो. ७९. प्राणवायूशिवाय ७९. थोरला तिथल्या तिथे खाली बसला आणि तोंड झाकून रडला. धाकटा म्हणाला, "दादा, चहा मिळेल का?" अख्ख्या दिवसात त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

उजेडात स्पायडर वॉलवर दोर बांधून त्याला सावकाश पार केलं, उरलेली वाट पुन्हा पाठीवर. दुपारी दीडला गंगोत्री, पातळी ८६. संध्याकाळी उत्तरकाशीच्या रुग्णालयात एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात कापूस पिंजून टाकल्यासारखे पांढरे ढग. तिसऱ्या दिवशी छाती मोकळी झाली आणि सोडलं.

काकू

दुसऱ्या दिवशी काकू आणि त्यांची मैत्रीण तालावर जाऊन आल्या. मदतनीसानं सकाळी सगळ्यांचे आकडे घेतले, चार प्रश्न विचारले, आणि फोटोवाल्याचं डोकं दुखत होतं म्हणून त्याला स्वयंपाक्याबरोबर खाली पाठवलं. काकूंनी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून डायमॉक्स सुरू केली होती, त्यामुळे सगळं श्रेय त्यांच्या चालीला देता येणार नाही. पण ती चाल मी तेव्हापासून सगळ्यांना दाखवते. नाकानं श्वास घेता येईल एवढाच वेग, आणि बोलताना वाक्य तुटलं की उभं राहायचं. पूर्ण वाटेवर त्या कधीही धापा टाकताना दिसल्या नाहीत. त्या सांगत होत्या की पाणी कडेला हिरवं आणि मध्ये जवळजवळ काळं होतं, थलय सागराचं प्रतिबिंब वाऱ्यानं तुटायचं आणि पुन्हा जुळायचं. मी केदारताल अजून पाहिलेला नाही.

आता काय बदललं

गटाचा वेळापत्रकाचा कागद बदलला. त्यात पहिला रकाना झोपेच्या उंचीचा, दुसरा आदल्या रात्रीपेक्षा किती वर त्याचा. अंतराचा रकाना शेवटी गेला. परतीचं तिकीट आता ट्रेक संपल्यानंतर दोन मोकळे दिवस सोडूनच काढतो; रस्ता बंद झाला तर ते दिवस खर्च होतात, उंचीला सरावायचे होत नाहीत. रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येक जण चार प्रश्नांचे गुण स्वतःच्या हातानं वहीत लिहितो, आणि ते एकमेकांसमोर मोठ्यानं वाचत नाही. एकट्यानं लिहिताना माणसं खरं लिहितात, असा माझा अनुभव आहे. पेटीत निफेडिपिन आली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, कधी द्यायची ते मराठीत लिहून.

धाकट्याला पुन्हा जायचं आहे. त्याला मी नाही म्हटलं नाही, पण आकडा सांगितला : ज्याला एकदा हेप झाला आहे तो तितक्याच घाईनं पुन्हा ४,५०० मीटरच्या आसपास गेला तर तो उलटण्याची शक्यता ६० टक्क्यांपर्यंत असते. सावकाश गेलं तर ती बरीच उतरते. छातीच्या डॉक्टरांनी हृदयाचा इको करून पाहिला, तो ठीक निघाला.

२०२५ च्या सप्टेंबरात निघायचं असं ठरवत होतो. ५ ऑगस्टला खीरगंगेच्या लोंढ्यानं धराली गाडलं, हर्षिल-गंगोत्रीचा रस्ता तुटला, आणि दोन दिवस भैजीचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा त्यानं घरचे सुखरूप आहेत एवढं सांगितलं आणि तो मदतीच्या कामावर गेला. त्या वर्षी ट्रेकचा विषय आम्ही काढला नाही.

नवीन कागद धाकट्यानं स्वतः बनवला आहे. उत्तरकाशी एक रात्र. हर्षिल दोन रात्री. गंगोत्री दोन, मधल्या दिवशी गोमुखकडच्या भोजबासाच्या वाटेवर थोडं वर जाऊन परत. भोजखरक दोन, मधल्या दिवशी दरडीपर्यंत चढून परत. केदारखरक दोन, त्यातल्या दुसऱ्या दिवशी ताल. प्रत्येक रात्रीसमोर उंची, आणि शेवटच्या रकान्यात त्याच्या अक्षरात : "इथून परत फिरायला किती तास."